दुसऱ्या गाडीचं इंजिन

कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्याकडं आधी वास येतो, बातमी मागनं. मागल्या महिन्यात एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि मळीचा तो आंबूस-गोड वास नाकात शिरला. बाहेरगावच्या माणसाला ह्या वासानं मळमळतं, मला भूक लागते. पायरीवर उभी राहून मी म्हटलं, आलास का बाबा. हे उसाच्या हंगामाला म्हटलं. घरात बोलायला कुणी नसलं की बाई कशाशीही बोलायला लागते. मी कुकरशी बोलते, शिवणाच्या मशीनशी भांडते, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या पोरीला पाठ ताठ करून बस म्हणून सांगते. त्या मानानं हंगाम म्हणजे भारदस्त पावणा.

त्याच दिवशी संध्याकाळी सुकुमारचा फोन आला. सुकुमार माझा धाकटा भाऊ, गडहिंग्लजला असतो, ऊस करतो. म्हणाला, अक्का, आता तर अण्णाबी न्हाईत. हंगाम आटोपला की ट्रॉली मोकळी होती, तुझं सामान न्यायला येतो, माडीवरची खोली तुझीच हाय. मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हेच, जवळजवळ ह्याच शब्दांत, त्यानं मागंही एकदा सांगितलं होतं. तेव्हाही हंगामच होता, पण तेव्हा अण्णा होते. आणि त्या हंगामात आम्ही एका म्हाताऱ्या गाडीला दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवत होतो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. गुळाचे अडते. उभा जन्म मार्केट यार्डात गेला. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, टिचकी मारायची, नखानं कण काढून जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं की हा माल अमक्या गावच्या गुऱ्हाळाचा, आणि ह्याचा पाक जरा घाईनं उतरवलाय. यार्डात लोक त्यांचं बोलणं ऐकायला थांबत म्हणे. घरात मात्र तोंडाला कुलूप. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून अण्णा माझ्याशी थेट असं कधी बोललेच नाहीत. सगळं भरतमार्फत. भरत म्हणजे माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा. मी समोर ताट वाढत उभी असायची आणि अण्णा भरतला म्हणायचे, तिला विचार, घरातलं मीठ संपलंय काय. मीही भरतलाच सांगायची, त्यांना सांग, डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय. भरत मधे बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायचा आणि गालातल्या गालात हसत भाकरी मोडायचा. वर्षानुवर्षं आमचं हे असंच चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं.

मग भरतच गेला. कसा गेला ते इथं लिहीत नाही, ते माझ्यापाशी राहू दे. घरात आम्ही दोघं उरलो आणि मधला माणूस नाही. आमचं जैनाचं घर, अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचे, त्यात हयगय नाही. मी ताट वाढून आत जायची. संध्याकाळी माझे शिवणाचे क्लास असायचे, पोरी गेल्या की मी एकटी जेवायची. अण्णांना काही हवं असलं तर ते भिंतीकडं बघून बोलायचे. दूध आलेलं दिसत न्हाय. मी ओट्याकडं बघून म्हणायची, तापवून ठेवलंय. कधी कधी तर दोघंही भरतच्या फोटोकडं बघून बोलायचो. एका घरात दोन एकटी माणसं असली की एकटेपणा वाटून निम्मा होईल असं लोकांना वाटतं. तसलं काही होत नाही, उलट तो दोघांचा मिळून एक होतो आणि बाहेरच्या सोप्यात येऊन बसतो.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळं भरत गेल्यावर माझ्याकडं येणारी प्रत्येक बाई चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच विचारायची, आता तुझं हितं काय हाय गं? प्रश्न खोटा नव्हता. सासर म्हणजे नवऱ्याचं घर, आणि नवराच नाही तर मी त्या घराला कुठल्या नटानं जोडलेली होते? सुकुमारनं खोली देऊ केली तेव्हा मी फार विचार न करता हो म्हणून टाकलं. हंगाम संपायचा, ट्रॉली यायची, माझी ट्रंक, मशीन आणि कपाट घेऊन मी गडहिंग्लजला जायची, असं ठरलं. अण्णांना मी हे सांगितलं ते पण भरतच्या फोटोकडं बघूनच. त्यांनी पाणी मागितलं, तेही भिंतीला.

आणि त्यानंतर दोनचार दिवसांनीच त्यांनी गाडीचं काढलं.

गाडी मागल्या पत्र्याच्या शेडात उभी होती. पांढरी, फुगीर गालांची, बोनटवर गंजाचे तांबडे ठिपके आलेली. गूळ तेजीत होता त्या काळात अण्णांनी ती नवी घेतली होती. भरत तीत गाडी शिकला, मला तीत शिकवली. यार्डात मी ती रिव्हर्स घेताना हमाल रांगेनं उभे राहून बघायचे, आणि भरत खिडकीतनं त्यांना म्हणायचा, लांब उभं ऱ्हावा रं, बाईच्या हातात हाय. मला असा राग यायचा की मी मुद्दाम झोकात वळवायची. भरतच्या आजारपणात गाडी पडून राहिली ती राहिलीच. आता इंजिन जाम झालं होतं, ब्लॉकला चीर गेली होती, आणि ती गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तसलं इंजिन आता मिळणार कुठलं? अण्णांची नजरही उतरली होती. मोतीबिंदू काढूनही एक डोळा अंधुकच राहिला, गाडी चालवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. म्हणजे चालवणारा नाही, इंजिन नाही, आणि म्हातारा म्हणतोय गाडी चालू करायची. मला वाटलं, पोराची आठवण म्हणून करतायत. करू दे. माझं काय, मी जाणार होते.

गाडी ओढून बाबासो मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. बाबासो म्हणजे अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा माणूस. काम कमी, बोलणं जास्त, पण मनात पाप नाही. कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं, बसतंय की. ह्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आमच्या गावात, कोल्हापुरात, गल्लोगल्ली लेथ आणि वितळलेल्या लोखंडाच्या भट्ट्या. एखादी वस्तू मिळत नाही हे इथल्या माणसाला पटतच नाही. मिळत न्हाय तर करूया, बसत न्हाय तर बसवूया. ह्या खाक्यानं गावाचं भलं झालं, पण बाबासोच्या गिऱ्हाइकांचं नेहमीच झालं असं नाही.

तर हा बाबासो आणि अण्णा भंगारबाजारात जाऊन एक जुनं इंजिन घेऊन आले. दुसऱ्याच कंपनीचं, दुसऱ्याच गाडीचं. ते कसं निवडलं हे मला बाबासोनं नंतर सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. इंजिन लाकडी घोडीवर बसवून, पाण्याची बादली जोडून चालू करून दाखवलं होतं. अण्णा जवळ गेले, डोळे मिटले, कान लावला, टिचकी मारली, बोटाला तेल घेऊन वास घेतला. आणि म्हणाले, हेच. जसा गूळ घ्यायचा तसं इंजिन घेतलं. बोल्टांची भोकं जुळतात का, लांबी किती, खालचं तेलाचं चेंबर आसाला लागतं का, काही म्हणजे काही बघितलं नाही. मी बाबासोला विचारलं, तुला तरी कळू नये? तो म्हणाला, "अण्णांनी कान लावला म्हटल्यावर मी टेप काढू व्हय वैनी? शोभतंय काय ते?"

आता हसू येतं. माल चांगलाच होता, त्यात अण्णा कधी चुकले नाहीत. पण चांगला आहे म्हणून तो तुमच्यात बसेलच असं थोडंच असतं.

मी गॅरेजात गेले ती डब्यापायी. हिवाळ्याचे दिवस, दिवस लवकर बुडायचा, आणि गॅरेजातनं घरी येईपर्यंत अण्णांचं जेवण राहायचं. त्यांनी भिंतीला सांगितलं, कुणी डबा आणून दिला तर बरं हुईल. भिंत कुठली जातेय, मीच गेले. बघते तर साखळीला टांगलेलं इंजिन खाली सोडतायत, अडकतंय, वर घेतायत, परत खाली सोडतायत. बाबासो घामाघूम. अण्णा बाजूला खुर्चीत, चेहरा एवढासा झालेला. मला राहवलं नाही. म्हटलं, मापं घेतली होती का रे? बाबासो साखळीकडं बघायला लागला. माझ्या गळ्यात टेप होताच, क्लास लवकर आटोपून तशीच आले होते. मी म्हटलं, कापडाला कात्री लावायच्या आधी कागद कापतात, आणि तुम्ही तर लोखंडाला लावायला निघालाय.

असा माझा त्यात शिरकाव झाला. मी खोक्यांचे पुठ्ठे आणले आणि बोनटखालच्या त्या खड्ड्याचं अंगाचं घ्यावं तसं माप घेतलं. हितनं तितं, तितनं हितं, चारी बाजूंनी दोन बोटं माया, म्हणजे जादा जागा, सोडून. मग इंजिनाचं. पुठ्ठ्याचं खोटं इंजिन करून ते आत ठेवून बघितलं की कुठं नडतंय ते कळायचं. बाबासो आधी हसला, मग कात्री मागायला लागला. त्याची पण एक रीत होती आणि ती मला फार आवडली. गिअरबॉक्सच्या तोंडावर जाड कागद धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं, की लोखंडाची कड कागदात उमटत जाते आणि प्रत्येक भोक आपसूक कापून पडतं. मग तो कागद इंजिनाच्या तोंडावर धरायचा. आमची दोनच भोकं जुळली. बाकीची इकडं तिकडं. मग दोघांच्या मधे एक जाड लोखंडी प्लेट करून घेतली, एका बाजूनं इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सची. प्लेट आली तर इंजिन तेवढं पुढं सरकलं आणि पंखा रेडिएटरला टेकायला लागला. रेडिएटर पुढं घेतला तर बोनटचं कुलूप लागेना. ब्लाऊजचा काखेतला मुंढा आवळला की खांदा उचलतो, तसंच ते. एक जागा बसवली की दुसरी नडते आणि माणूस तिच्या मागं धावतं.

पण खरं सांगू का, मला ते दिवस कधी संपू नयेत असं वाटायचं. गॅरेजच्या दारात एका गाडीची जुनी मागली सीट टाकलेली होती. ऊन उतरायला लागलं की अण्णा तिच्यावर येऊन बसायचे आणि मी डबा उघडायची. पहिल्या दिवशी मी उभीच राहिले. ते भाकरी हातात घेऊन थांबले, आणि माझ्याकडं बघून, भिंत नव्हतीच तिथं, म्हणाले, "तू का खात न्हाईस? बस." लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट बोलले असतील तर हेच पहिलं. मी बसले. मेथीची भाजी, शेंगांची चटणी, भाकरी. समोरच्या रस्त्यावरनं ऊस भरलेल्या जोडट्रॉल्या जायच्या, त्यांच्यावर मोठमोठ्यानं गाणी लावलेली, मागं धुरळा आणि पडलेल्या उसाच्या कांड्या. सासरा आणि सून एका सीटवर बसून दिवसाउजेडी जेवतायत, बघणाऱ्याला गंमतच वाटत असणार. मी मात्र एक भाकरी जास्तच खायची, इतकं बरं वाटायचं.

इंजिनाबद्दल बोलता बोलता आम्ही भरतबद्दल बोलायला लागलो. जुनी क्लचप्लेट काढली, ती एका बाजूनं जास्तच झिजली होती. अण्णा ती हातात फिरवून बघत म्हणाले, हा पठ्ठ्या चढावर क्लचवर पाय ठेवूनच गाडी धरायचा, किती सांगितलं. मी म्हटलं, मलापण तसंच शिकवलंय. ते हसले. त्यांना दातांची फट दिसेल असं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि ती फट भरतला होती त्याच जागी होती. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. पण ते रडणं नेहमीसारखं कोरडं नव्हतं.

सगळं जुळत आलं आणि मग मोठी गोची झाली. ह्या इंजिनाचा धूर बाहेर टाकणारा फाटा नेमका स्टिअरिंगच्या दांड्याच्या अंगावर येत होता. पुठ्ठ्याचं इंजिन करताना मी तो फाटा धरलाच नव्हता. वाटलं, तो काय, वाकवता येईल. लोकांना मापं शिकवणारी मी, आणि बाहीच विसरले. बाबासोनं मात्र मला टोचलं नाही. ह्याच जातीचं इंजिन एका छोट्या टेम्पोला यायचं आणि त्याचा फाटा सरळ खाली वळलेला असायचा, तो मिळाला तर सुटलो, असं त्याचं म्हणणं. चौकशी करता करता सुकुमारकडनंच कळलं की आजऱ्याला एका काजूवाल्याच्या आवारात तसला टेम्पो मोडून पडलाय.

अण्णा म्हणाले, आपण जाऊया. आपण. मी आणि ते, एसटीनं. बस ट्रॉल्यांच्या मागं मुंगीच्या पावलानं चाललेली, अण्णा खिडकीला, मांडीवर पिशवी, पिशवीत बाबासोनं कापून दिलेला, फाट्याच्या भोकांचा कागद. त्यांना बाहेरचं नीट दिसत नव्हतं. मी सांगत गेले, आता हे गुऱ्हाळ, धूर निघतोय, आता कारखान्याची गाड्यांची रांग. ते वास घेऊनच म्हणाले, पाक पुढं गेलाय त्याचा, गूळ काळा पडणार. आजऱ्यात त्या आवारात भाजलेल्या काजूच्या टरफलांचा उग्र धूर होता, डोळे झोंबत होते. टेम्पोच्या इंजिनावरची माती मी पदरानं पुसली, कागद त्या फाट्यावर धरला आणि भोकाभोकातनं बोट घालून बघितलं. एकूण एक भोक जुळलं. मी अण्णांचा हात धरून त्यांचं बोट त्या भोकांतनं फिरवलं. त्यांचा हात मी कधी धरला नव्हता. त्यांनी काढून घेतला नाही.

फाटा सोडवून पिशवीत घेतला आणि परतताना गडहिंग्लजला सुकुमारकडं उतरलो. भावजयीनं दिवस असतानाच जेवायला वाढलं. सुकुमार मनानं चांगला, पण कुठं काय बोलावं ते त्याला कळत नाही. अण्णांच्या देखतच म्हणाला, आता थोडाच ऊस ऱ्हायलाय अक्का, ट्रॉली मोकळी झाली की येतो न्यायला. मी ताटाकडं बघत राहिले. अण्णांनी घास खाली ठेवला आणि त्याला एवढंच विचारलं, "ट्रॉलीतनं नेणार हिला?" सुकुमार म्हणाला, सामान की. अण्णा व्हय म्हणाले आणि हात धुवायला उठले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटलं, झालं, भिंत परत आली.

हंगाम सरताना फार उदास वाटतं. ऊसतोडीची माणसं पालं गुंडाळतात, फडात काळी पाचट जळते, गाणी वाजवत जाणाऱ्या ट्रॉल्या रिकाम्या धडधडत जातात. एरवी ह्याचं मला काही वाटायचं नाही. त्या वर्षी एकेक ट्रॉली रिकामी दिसली की मी उरलेले दिवस मोजायची. इंजिन बसलं नाही तर बरं, असंही मनात येऊन गेलं. अजून एखादा नट बसू नये, अजून एखादी नळी कमी पडावी, म्हणजे अजून एक दिवस डबा घेऊन जाता येईल.

पण बसलं. बाबासोनं किल्ली फिरवली, दोन आचके बसले, काळा धूर सुटला, आणि ते दुसऱ्या गाडीचं इंजिन आमच्या गाडीत चालू झालं. अण्णांनी बोनटवर हात ठेवून डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग ते म्हणाले, सुकुमारला फोन कर, ट्रॉली आणू नको म्हणावं.

मला काय वाटलं असेल तुम्हीच बघा. हा माणूस मला राहा म्हणतोय, असं वाटलं. मी तोंडाला पदर लावला. आणि तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "आपल्या घरातली बाई सामानासंगं ट्रॉलीत बसून जायाची न्हाय. आपल्या गाडीतनं जा. त्याच्यापायीच केली ही."

एवढा हंगामभर ते मला पाठवायची तयारी करत होते. मानानं पाठवायची, पण पाठवायचीच. गाडी मलाच देणार होते, चालवणारी मीच. मला राग आला, रडू आलं, आणि काही बोलता आलं नाही. आमच्याकडं बोलता येत नसलं की माणसं कामाला लागतात. मी ट्रंक भरली, मशीन मागल्या सीटवर आडवं घातलं, कपाट राहू दे म्हटलं. जायच्या दिवशी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पुढं बसले. पोचवायला येतो म्हणाले. वाटेत बोलायचं ते इंजिनाबद्दलच. चढाला ओढ चांगली हाय. हां. क्लचवर पाय ठेवू नको. न्हाय ठेवत.

गडहिंग्लजला पोचलो, चहा झाला, आणि ऊन कलायला लागलं तसे अण्णा उठले. हातात छोटी पिशवी. म्हणाले, येतो मी, कोल्हापूरची एसटी असंल आता. आणि दारातनं बाहेर पडून रस्त्याच्या भलत्याच बाजूला चालायला लागले. एसटी स्टँड उजवीकडं, हे निघाले डावीकडं. ऊन डोळ्यांवर होतं, त्यांना काही दिसत नव्हतं, आणि तसं कुणाला सांगणार पण नव्हते. टोपी, धोतर, पिशवी, आणि हात जरा पुढं धरलेला, भिंत चाचपावी तसा. ती आकृती माझ्या डोळ्यांपुढनं अजून जात नाही. हा माणूस आता घरी जाऊन कुणाला सांगणार की दूध आलेलं दिसत नाही?

मी पळत गेले. आमच्याकडं बायकाही येतो-जातो असंच बोलतात, तशी बोलले, "अण्णा, गाडीत बसा. मी येतो तुमच्यासंगं."

ते म्हणाले, "पोचवून परत येशील?"

मी म्हटलं, "न्हाय."

मशीन अजून मागल्या सीटवरच होतं, उतरवलंच नव्हतं. सुकुमार दारात उभा राहून बघत राहिला. परत येताना अण्णा रडले, आवाज न करता, आणि मी रस्त्याकडं बघत राहिले, कारण कुणीतरी बघायला हवं होतं. मधेच एकदा म्हणाले की, मला वाटलं तुला जायचंय. मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला मी नकोय. एवढी साधी गोष्ट, आणि ती विचारायला आम्हाला एक अख्खं इंजिन मधे घालावं लागलं.

त्यानंतर पुष्कळ हंगाम आम्ही एकत्र काढले. भांडलो पण. मीठ कमी आहे हे ते मला तोंडावर सांगायला लागले आणि मी तोंडावर उलटून बोलायला लागले. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, सगळे म्हणतात मरणाचं सोनं झालं. झालं असेल. मला मात्र त्या दिवसापासून घरात पायरव ऐकू आल्यासारखा वाटतो आणि मी उगाच कोण म्हणून विचारते.

यंदा वास आला, गाड्या वाजायला लागल्या, आणि मी रोज ठरवत होते की सुकुमारला आज काय ते सांगून टाकू. तेव्हा माझ्याकडं कारण होतं, धडधाकट कारण, धोतर-टोपीतलं. आता कुणाला दिसत नाही म्हणून मी परतायचं? आता माझं इथं काय आहे? हा प्रश्न आता दुसरं कुणी विचारत नाही, मीच विचारते. उत्तर शोधून शोधून दमले. मोठं असं काही सापडलं नाही. ह्या घरात मी नुसती बायको म्हणून आले होते, पण नंतर मी स्वतःच्या पायानं परत आले, कुणी आणली नाही. त्या येण्याला माझ्याशिवाय ह्या घरात आता साक्षीदार उरलेला नाही.

काल मीच फोन केला. म्हटलं, सुकुमार, ट्रॉली आणू नको. तो म्हणाला, "अक्का, अगं पण तितं आता कोण हाय? एकटी काय करणार तू?"

मी म्हटलं, "ऱ्हाणार की."

फोन ठेवला आणि रडले. ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडले.